बाई अख्खी दाखवायची

१ जानेवारी १९८१, सकाळी
यंदा डायरी नियमित लिहायची. ही वही माझ्याशिवाय कोणासाठी नाही. तरी अक्षर नीट काढतोय. पुढेमागे कोणाला अभ्यासाला लागली तर वाचता आली पाहिजे.
सिगरेट आजपासून बंद. आणि यंदाचं मुख्य काम: सिनेमावाल्यांनी पडद्यावर बाईचं जे काय करून ठेवलंय, त्याविरुद्ध नाशकात आवाज उठवायचा. माझ्याशिवाय कोण उठवणार? गेल्या मे महिन्यात पुण्याला सिनेमा रसग्रहणाचं शिबिर करून आलेला माणूस अख्ख्या गंगापूर रोडवर मी एकटा आहे. ऑफिसात हेडक्लार्क आहे मी, पण हेडक्लार्क काय, कोणीही होतं.

४ जानेवारी, रविवार
बायकोला, लताला, कॅमेऱ्याची नजर समजावून सांगितली. ती मेथी निवडत होती. म्हटलं, पुरुष पडद्यावर येतो तो अख्खा येतो. मागे डोंगर, रस्ता, माणसं, सगळं जग. बाई मात्र तुकड्यातुकड्याने येते. आधी पैंजण, मग कंबर, मग ओठ. पुरुषाला खालून दाखवतात, म्हणजे तो मोठा वाटतो. बाईला वरून, म्हणजे ती बिचारी. आधी नायक बघताना दाखवायचा, लगेच तिचं अंग, मग परत नायक. म्हणजे तिकीट आपण काढतो आणि बघतो त्याच्या डोळ्यांनी. आपण काय करायचं, तर बाई अख्खी दाखवायची.
लता म्हणाली, बरोबर आहे. मग म्हणाली, जरा उठता का, तुमच्याखाली कोथिंबीर आलीय.
लगेच पटलं तिला. नामपूरच्या साध्या बाईला पटलं म्हणजे मांडणी पक्की.

१८ जानेवारी
फिल्म सोसायटीत, म्हणजे वाचनालयाच्या सभागृहात, व्याख्यान झालं. 'पडद्यावरची स्त्री', भाग पहिला. माणसं कमी. त्यातला एक जण वाचनालयात पुस्तक बदलायला आला होता, चुकून बसला आणि लाजेकाजेस्तव उठला नाही. कारभारी म्हणाला, नुसतं बोलून कोण ऐकणार, चित्र दाखव. कारभारी म्हणजे आमच्या सोसायटीचा अध्यक्ष. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे आणि प्रोजेक्टर त्यालाच चालवता येतो, त्यामुळे तो अध्यक्ष. मनमाडला रेल्वेवाल्यांच्या एका क्लबात त्याची ओळख आहे. तिथून जुन्या हिंदी सिनेमाचं एखादं रीळ आणतो म्हणाला.

१ फेब्रुवारी, रविवार
भाग दुसरा. सभागृह भरलं. लोक खिडकीत बसले होते.
रिळात एक क्लबमधला नाच आहे. कॅमेरा बाईच्या चेहऱ्यावर क्वचितच जातो हे दाखवायला तो नाच पुन्हा पुन्हा लावला. प्रत्येक वेळी गर्दी आणखी एकाग्र झाली. मागून शिट्ट्या आल्या. कोणीतरी 'वन्स मोअर' म्हणालं. नाशकात विश्लेषणाची इतकी भूक असेल असं वाटलं नव्हतं.
त्याच रिळात बायकी चालीचा एक नोकर आहे. तो आला की मागे टुंगटुंग वाजतं. मी म्हटलं, बघा, पुरुषाने जरा हात वळवला की सिनेमा वाद्य लावून त्याची टिंगल करतो, हीसुद्धा एक क्रूर नजर आहे. सगळे त्याला हसले. मीही हसलो. वाद्यच तसं आहे.

३ फेब्रुवारी
रीळ परत जाण्याआधी सखोल अभ्यास करावा म्हणून संध्याकाळी कारभारीच्या दुकानात बसलो. अंधार लागतो म्हणून शटर अर्धं खाली. नाच चालू असताना कोणीतरी वाकून आत आलं. आमच्या ऑफिसातल्या टायपिस्ट, यशोदा पगारे. रेडिओ न्यायला आल्या होत्या.
म्हटलं, अभ्यास चाललाय. त्या म्हणाल्या, चालू द्या साहेब, माझा रेडिओ झाला का? कारभारीने रेडिओ शोधून देईपर्यंत आम्ही दोघं त्या नाचाकडे बघत उभे. तो नाच इतका लांब आहे हे तेव्हाच लक्षात आलं.
यात लाजण्यासारखं काही नाही. तरी घरी येईपर्यंत कान गरम होते. थंडी फार आहे.
एक निरीक्षण: रिळाच्या उजेडात पगारेबाईंचा चेहरा उत्तम दिसला. निव्वळ तांत्रिक निरीक्षण.

१५ फेब्रुवारी
लताचा भाऊ भिकन कुवेतहून आला. सोबत हातात मावेल एवढा सिनेमाचा कॅमेरा आणि छोटा प्रोजेक्टर. लता बटणं दाबून बघत होती. 'हाई काय शे, भाऊ?' भावाशी बोलताना ती नामपूरची होते. मी कॅमेरा हातात घेतला आणि एकदम सगळं स्वच्छ दिसलं. किती दिवस नुसतं बोलत बसायचं? स्वतः सिनेमा काढायचा. मुका असला तरी चालेल.
गोष्ट तयार. एक बाई. सकाळी घरून निघते, ऑफिसला जाते, काम करते, घरी येते, तिथेही कामच. नवरा खुर्चीत. एवढंच. सगळं तिच्या बाजूने. नाव: 'तिची नजर'.

१९ फेब्रुवारी
जेवताना लताने विचारलं, मी नाही का चालणार त्यात? समजावून सांगितलं, कॅमेऱ्याला काही चेहरे मानवतात, काही मानवत नाहीत, त्यात कोणाचा दोष नसतो. ती म्हणाली, बरं.
तिला वाईट वाटलं नसावं. भाकरी जरा जाड झाल्या होत्या.

२४ फेब्रुवारी
पगारेबाईंना विचारलं. त्यांना अभिनयाची सवय आहे. त्यांच्या बौद्ध कॉलनीत आंबेडकर जयंतीला नाटक होतं, त्यात त्या दरवर्षी काम करतात. विचार करून सांगते म्हणाल्या. आज आल्या. विचारलं, साहेब, ती बाई सिनेमात करते काय? म्हटलं, काम करते. स्वतंत्र स्त्री आहे. त्या म्हणाल्या, मग मी करीन. पण एक आहे. जयंतीच्या आठवड्यात ती आमच्या कॉलनीत दाखवायची. आईने मला कधी ऑफिसात काम करताना बघितलेलं नाही. तिला वाटतं ऑफिस म्हणजे नुसतं खुर्चीत बसणं.
लगेच हो म्हटलं. त्या कॉलनीत स्वतःचा सिनेमा घेऊन जाणारा नाशकातला पहिला दिग्दर्शक मीच असेन. हे कुठेतरी छापून आलं पाहिजे.

८ मार्च, रविवार
चित्रीकरण सुरू. आज महिला दिन असल्याचं पेपरात वाचलं. शुभशकुन.
गंगापूर रोडला द्राक्षबागांच्या बाजूने पगारेबाई ऑफिसला चाललेल्या. सुरुवात पायांपासून केली, कारण बाईचा प्रवास पायांनीच होतो. याची तुलना त्या पैंजणवाल्यांशी होऊ शकत नाही. हिच्या पायात चपला आहेत.
मग फाइल पडते आणि ती वाकून उचलते. पुन्हा पडायला लावली. पुन्हा. पगारेबाई म्हणाल्या, साहेब, ऑफिसची फाइल माझ्या हातून कधी पडत नाही. म्हटलं, नियतीने पाडलेली आहे. त्यांनी उचलली.
लता पांढरी चादर धरून उभी होती. त्यावरून उजेड चेहऱ्यावर पडतो. ती म्हणाली, चेहऱ्यावर उजेड पाडतेय, पण तुम्ही तर पाठीमागे उभे आहात. लताला तंत्र शिकवायला वेळ लागणार.

१५ मार्च, रविवार
आमच्या मोठ्या साहेबांच्या परवानगीने ऑफिस उघडून घेतलं. टायपिंगचा प्रसंग. टाइपरायटर फार मोठा. तो ठेवला तर बाई दिसत नाही, बाई ठेवली तर तो अडतो. बोटं आणि बांगड्या घेतल्या. त्यातून टाइपरायटर सूचित होतो. पगारेबाईंनी खरोखरचा मसुदा टाइप करायला घेतला होता. म्हणाल्या, कागद दिसतोय ना साहेब? म्हटलं, कागद चकाकतो.
मानेवर घामाचा थेंब, श्रमाचं प्रतीक म्हणून. पंखा बंद केला तरी घाम येईना. लताला पाणी लावायला सांगितलं. तिने लावलं, पण लावताना ती पगारेबाईंना काहीतरी हळूच म्हणाली आणि दोघी हसल्या. सेटवर शिस्त हवी.
पदराचाही प्रश्न आला. पगारेबाई म्हणाल्या, मी ऑफिसात पदर पिन करते. म्हटलं, पिन चमकते. त्यांनी पिन काढली, पण एक हात पदरावरच. एका हाताने टायपिंग कसं होणार? म्हटलं, कामात इतकी गढलीय की पदराचं भान नाही, हेच तर तिचं स्वातंत्र्य. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग लताकडे बघितलं. लता खिडकीबाहेर बघत होती.
या कॅमेऱ्याला झूम आहे. बटण दाबलं की जागेवरून न हलता आपण जवळ जातो. सभ्य माणसाची मोठी सोय आहे.

२२ मार्च, रविवार
शेवटचा दिवस. आमच्या घराच्या मागच्या अंगणात. ऑफिसातून आल्यावर कपडे धुणं, वाळत घालणं. नवऱ्याची भूमिका मीच केली. दुसऱ्या कोणाला त्यातला अहंकार कळला नसता. खुर्ची रद्द केली, पायरीवर उभा राहिलो, कमरेवर हात. खालून घेतलं की पुरुषसत्ता दिसते.
पण मग कॅमेरा कोण धरणार? लताला दिला. म्हटलं, फक्त बटण दाब, झूमला हात लावू नकोस. तिने विचारलं, काय काय घेऊ? म्हटलं, जे दिसतं ते घे. मी तयार होऊन 'चालू' म्हणालो तेव्हा ती म्हणाली, मघाशीच चालू केलंय. एवढं रीळ फुकट.
पगारेबाई जाताना म्हणाल्या, साहेब, टायपिंग नीट आलं असेल ना? म्हटलं, अप्रतिम.
सिगरेट ओढली. कलावंताला नियम वेगळे असतात.

२९ मार्च
भिकन मुंबईला चालला होता, रिळं धुवायला त्याच्यासोबत दिली. कारभारी म्हणतो, पुढच्या वर्षी पुण्याला स्पर्धेला पाठवू. मी म्हटलं, पुण्यात ते लोक माझ्यावर खूश आहेतच. शिबिरात मी फार प्रश्न विचारायचो.

१० एप्रिल
रिळं परवा आली. दोन दिवस जेवणाच्या टेबलावर कापाकापी आणि चिकटवणं. बघायचं यंत्र काडेपेटीएवढं. त्यात सगळं नाजूक, काव्यमय दिसतं. लताने घेतलेला तुकडा थरथरतो आणि वाकडा आहे, पण त्यात माझी भूमिका आहे म्हणून न बघताच शेवटी जोडला.
लता म्हणाली, तिकडे नेण्याआधी एकदा भिंतीवर बघू या ना. म्हटलं, कॉलनीत सगळ्यांबरोबरच बघ, पहिला अनुभव पहिलाच राहू दे.

१२ एप्रिल, रविवार
झालं. परत आलो. डोकं दुखतंय. प्रोजेक्टरचं भिंग बहुतेक सदोष आहे. उद्या लिहीन.

१३ एप्रिल
काल लिहिलं नाही. आज लिहितो. रजा टाकलीय.
भिंत पांढरी आणि अंतर जास्त, त्यामुळे चित्र फार मोठं झालं. तो मूळ दोष.
हे खरं आहे, पण एवढंच खरं नाही.
विहारासमोरच्या मोकळ्या जागेत सतरंज्या अंथरल्या होत्या. बायका पुढे, पुरुष मागे. सगळी कॉलनी. पगारेबाईंच्या आई चिमणाबाई नवं लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे बसल्या होत्या. मी प्रास्ताविक केलं. पडद्यावर बाईचे तुकडे करतात, आज तुम्हाला अख्खी बाई बघायला मिळेल, असं म्हणालो. टाळ्या पडल्या. पगारेबाईंनी आईच्या कानाशी लागून काहीतरी सांगितलं, बहुतेक आता माझं ऑफिस येईल म्हणून.
आधी पाय आले. कोणीतरी म्हणालं, यशोदाच्या चपला. लोक हसले, मायेने. मग साडीचे काठ. मग फाइल पडली आणि ती वाकली. फाइल पुन्हा पडली, पुन्हा वाकली. तीन वेळा जोडलंय मी ते. का जोडलं, ते काल रात्रीपासून आठवतोय. लय साधण्यासाठी, असं तेव्हा वाटलं होतं.
मग बोटं. बांगड्या. मानेवरचा थेंब. तो भिंतीवर मडक्याएवढा झाला आणि खाली घरंगळत गेला आणि त्याच्या मागोमाग कॅमेराही गेला. हे मला आठवत नव्हतं. मग झूम. काडेपेटीत जे काव्यमय होतं ते दाराएवढं होऊन लोकांसमोर उभं राहिलं.
मागून शिट्टी आली. तीच, वाचनालयातली. शिट्टी वेगळी असेल, पण आवाज तोच. कोणीतरी 'वन्स मोअर' म्हणालं.
पुढे बायका गप्प. चिमणाबाईंनी शेजारणीला विचारलं, ते मला स्पष्ट ऐकू आलं: 'यात माझी पोरगी कुठंय गं?'
मी कारभारीला म्हटलं, थांबव. तो म्हणाला, आता संपेलच, एवढ्यासाठी कशाला.
मग लताचा तुकडा आला. वाकडा, थरथरणारा. त्यात पगारेबाई अख्ख्या दिसल्या, डोक्यापासून पायापर्यंत. मागे आमच्या अंगणाची भिंत, दोरी, बादली. ओली चादर पिळताना त्यांनी दात आवळले होते. पदर खांद्यावर ओढला आणि रागाने काहीतरी म्हणाल्या. मुका सिनेमा असून ऐकू आल्यासारखं वाटलं. चिमणाबाई म्हणाल्या, ही बघ, ही यशोदा.
आणि पायरीवर मी. कॅमेरा चालू झालाय हे माहीत नसलेला मी. अजून कमरेवर हात गेले नव्हते, भूमिका सुरू झाली नव्हती. नुसता उभा आहे आणि बघतोय. कुठे बघतोय ते सगळ्या कॉलनीला दिसलं. मलाही पहिल्यांदाच दिसलं. तोंड जरा उघडं होतं.
शिट्टी आली नाही. कोणी हसलंही नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
पगारेबाई उठल्या. भिंतीशी गेल्या आणि प्लग काढला. अंधारात म्हणाल्या, एवढंच आहे, चहा घ्या सगळ्यांनी.
चहा मलाही दिला. प्यायलो.

१३ एप्रिल, संध्याकाळी
लता कालपासून बोलली नव्हती. आज स्वतःहून विचारलं, तुला आधीच दिसलं होतं का? ती म्हणाली, मला वाटलं सिनेमा असाच करतात. तुम्हीच तर शिकून आलात. थोड्या वेळाने म्हणाली, मी मुद्दाम नाही घेतलं. जे दिसतं ते घे म्हणालात.
तिने पान वाढलं आणि स्वतः नंतर जेवते म्हणाली.

१४ एप्रिल
आज जयंती, सुट्टी. कॉलनीत जाऊन माफी मागायचं ठरवलं. मिरवणूक होती, गर्दी होती. अशा आनंदाच्या दिवशी आपला विषय काढू नये म्हणून कोपऱ्यावरून परत आलो. कोपऱ्यावर कोणी ओळखलंही नाही. बरं वाटलं आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

१६ एप्रिल
ऑफिस. पगारेबाई नेहमीसारख्या. नमस्कार साहेब, एवढंच. पदराला पिन. मी टेबलाची जागा बदलून भिंतीकडे तोंड केलं. शिपाई म्हणाला, साहेब, उजेड येणार नाही. म्हटलं, चालेल.
आता न बघणं हेही जाणवतं. भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस सगळ्या ऑफिसला दिसतो.

१९ एप्रिल, रविवार
गेलो शेवटी. पगारेबाईंनी दाराबाहेर खुर्ची टाकली. आत या म्हणाल्या नाहीत. चिमणाबाई बाहेर आल्या नाहीत.
मी भाषण तयार केलं होतं. धंदेवाईक सिनेमाचे नकळत होणारे संस्कार. झूम भिंगाचा मोह. छोट्या यंत्रात प्रमाणाचा अंदाज न येणं. म्हटलं, माझा हेतू शुद्ध होता, दोष तंत्राचा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, यंत्राला माझी कंबर कुठे आहे ते कसं माहीत, साहेब?
भाषणाचा कागद घडी करून खिशात ठेवला.
त्या म्हणाल्या, मी दिवसभर त्या मशीनवर बसते. बोटांची टोकं दुखतात. आईला ते दाखवायचं होतं. आता ती विचारते, तुझं ऑफिसात असंच असतं का. तिला काय सांगू?
मी म्हटलं, मी सांगतो त्यांना. त्या म्हणाल्या, तुम्ही नका सांगू.
मग रिळं मागितली. सोसायटीच्या दप्तरी एक प्रत राहू दे, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मिटलं. देतो म्हटलं. त्या म्हणाल्या, वहिनींनी घेतलेला तुकडा काढून ठेवा. त्यात तुम्ही आहात. तो तुमचा तुम्ही ठेवा.

२१ एप्रिल
रिळं दिली. ऑफिसात नको म्हणून लताच्या हाती पाठवली. लता बराच वेळ तिथे थांबली. आल्यावर काय बोलणं झालं ते विचारलं. म्हणाली, बायकांचं होतं. चिमणाबाईंनी तिला जेवायला घातलं. मला एक चहा मिळाला होता, तोही त्या दिवशीचा.
रिळांचं काय केलं, ते विचारायचा मला हक्क नाही. विचारलं. चुलीत, म्हणाली.

२ मे
कारभारी घरी आला. म्हणतो, तुझी व्याख्यानमाला थांबवू नको, लोक विचारतात. कोण लोक? तर तो नाच बघायला आलेले. मनमाडहून रीळ परत आणू, हॉल पुन्हा भरेल. मी म्हटलं, तब्येत बरी नाही. तो म्हणाला, अरे, त्यात लाजायचं काय, कलेत असं होतं. हे वाक्य माझंच आहे. मी त्याला सोसायटीत कितीदा ऐकवलंय. दुसऱ्याच्या तोंडून फार घाण वाटलं.
सोसायटीचा राजीनामा द्यायचं ठरवलं. तो म्हणाला, सोमवारी दे, आज विषय नको.

५ मे
पगारेबाईंनी मनमाडच्या ऑफिसात बदली मागितली. अर्जावर कारण: घरगुती. घर नाशकात, आई नाशकात आणि घरगुती कारणाने मनमाड. रोज नाशिकरोडला जाऊन गाडी पकडायची, अंधार पडल्यावर परत. मी शिफारस करून साहेबांकडे पाठवायचा.
त्यांना म्हटलं, बदली मीच मागतो, तुम्ही राहा. मनापासून म्हटलं. त्या म्हणाल्या, तुम्ही गेलात तर का गेलात हे लोक मलाच विचारतील.
शिफारस केली. अनुकूल. साहेब म्हणाले, अरे वा, शेवाळे, चांगली टायपिस्ट सोडताय?
लताला सांगितलं. ती भांडी पुसत राहिली. मग म्हणाली, चादर मी धरली होती. मी म्हटलं, तुझा काय दोष? ती म्हणाली, तुमच्यासाठी नाही बोलले.

१२ मे
भिकन सुट्टी संपवून परत चालला. त्याला म्हटलं, कॅमेरा घेऊन जा. तो म्हणाला, भाऊजी, भेट दिलेली वस्तू परत घेत नसतात. लता म्हणाली, मला राहू दे. काल ती गच्चीवर वाळवणं घालणाऱ्या शेजारणीला घेत होती, आत रीळ नसताना. मी खाली उतरून गेलो.

३० मे, शनिवार
पगारेबाईंचा निरोप समारंभ. ऑफिसात वेफर, केळी, चहा. साहेब म्हणाले, शेवाळे, तुम्ही वक्ते, तुम्ही बोला.
काल ठरवून ठेवलं होतं. नाव न घेता, प्रसंग न सांगता, पण त्यांना कळेल अशी माफी सगळ्यांसमोर मागायची. उभा राहिलो. सुरुवात केली: पगारेबाईंचं ते शांत हसणं, ती नम्र मान, ती सराईत बोटं... आणि अडकलो. हसणं, मान, बोटं. कॅमेरा नव्हता, बटण नव्हतं, तरी तेच चाललं होतं. अख्खं असं त्यांच्याबद्दल मला काय माहीत आहे ते शोधायला लागलो. सहा वर्षं त्या समोर बसल्या. काही सापडेना. सगळे वाट बघत होते. पंख्याचा आवाज येत होता.
मग म्हणालो, त्यांच्या टायपिंगमध्ये कधी चूक नसायची. आणि बसलो.
पगारेबाई आभार मानायला उठल्या. साहेबांचे मानले, शिपायाचे मानले. मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, चुका असायच्या, साहेब. शनिवारी तर बऱ्याच. तुम्ही न वाचता सही करत होतात, म्हणून निभावलं.
सगळे मोठ्याने हसले. साहेब तर टेबल वाजवून हसले. मीही हसलो.
त्यांना सोडायला सगळे दारापर्यंत गेले. मी जागेवर बसून राहिलो. टेबलावर त्यांनी सकाळी ठेवलेले सहीचे कागद होते. वरचा उचलला आणि पहिल्यापासून वाचला. एका गावच्या पंपाच्या दुरुस्तीबद्दल होता. पंप बरेच दिवस बंद आहे, लोकांचे हाल होतात, असं होतं त्यात. तिसऱ्या ओळीत एक वेलांटी चुकली होती. दुरुस्त करायला पेन उचललं.
नाही केली. सही केली.